काळा कोट आणि मिठाचं पाणी

ब्लीच घरी बनवणं अगदी सोपं आहे. मीठ लागतं, पाणी लागतं, वीज लागते आणि थोडं डोकं लागतं. पहिल्या तीन गोष्टी माझ्याकडे होत्या आणि चौथीसाठी बायकोचा भाऊ होता. मग अडायचं कशासाठी, असं मी तेव्हा भेटेल त्याला छातीठोकपणे सांगत होतो. आता सांगत नाही. आता कुणी विषय काढलाच, तर मी इस्त्री तापली का ते बघायला आत जातो.

माझी लाँड्री आहे, कोर्टाच्या फाटकासमोर. पुढे काउंटर, मागे एक लांबट खोली. त्या खोलीत धुण्याचं यंत्र, इस्त्रीचं टेबल, कपडे टांगायच्या दांड्या आणि मी. खिडकी एकच, तीही बंद, कारण ती उघडली की रस्त्यावरची धूळ थेट धुतलेल्या कपड्यांवर येऊन बसते. गिऱ्हाईक म्हणजे वकील. काळा कोट, पांढरा शर्ट, गळ्याशी पांढरा बँड. हा पोशाख ज्याने ठरवला, त्याच्या घरी धुणं नक्कीच दुसरं कुणीतरी करत असणार. काळ्यावर पांढरा दोरा दिसतो आणि पांढऱ्यावर सगळंच दिसतं. ही मंडळी कोर्टात काय सिद्ध करतात देव जाणे, पण डाग माझ्याच दुकानात पडला, हे ती काउंटरवर उभ्या उभ्या सिद्ध करतात. वर्षानुवर्षं हे ऐकून मी थकलोय. बाकी मला काही आजार नाही. झोप लागते, जेवण पचतं, फक्त सकाळी उठावंसं वाटत नाही.

त्यात तो ब्लीचवाला. हा माणूस "उद्या नक्की" म्हणतो आणि त्याचा उद्या काही केल्या उजाडत नाही. त्या आठवड्यात तर तो गायबच झाला. कॉलरी पिवळ्या पडून माझ्याकडे बघत होत्या, आणि कॉलरींचे मालकही. शेवटी मी बायकोला जाहीर केलं की आता बस्स झालं, यापुढे ब्लीच मी घरी बनवणार.

ती बँडांना खळ लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी घरी चहा करून दाखवा."

माझे मेहुणे, म्हणजे हिचे थोरले भाऊ, शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिकवण्याची खोड काही गेली नाही. समोर वर्ग नसला तर रस्त्यावरचा माणूस धरतात. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ते रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे आणि मी रोज त्यांच्या बोलण्याला हं हं करत कपड्यांना इस्त्री मारायचो. त्या दिवशी मी पहिल्यांदाच स्वतःहून प्रश्न विचारला. मास्तरांचा चेहरा असा खुलला की मलाच वाईट वाटलं, की या माणसाला आपण आजवर एकही प्रश्न कसा विचारला नाही.

मग त्यांनी मला सगळं समजावलं. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. पाण्यात विरघळलं की दोघं सुटे होऊन हिंडायला लागतात. त्या पाण्यात दोन कांड्या सोडायच्या, एकीला विजेचं धन टोक जोडायचं, दुसरीला ऋण. वीज सोडली की धन कांडीवर क्लोरीन वायू होऊन बुडबुड्यांनी वर येतो. ऋण कांडीवर पाणीच फुटतं, त्यातून हायड्रोजन निघून जातो आणि मागे उरतो कॉस्टिक सोडा. याला विद्युत अपघटन म्हणतात. हा शब्द त्यांनी माझ्याकडून घोकून घेतला, जणू मी परीक्षेला बसणार होतो. हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा जवळ काडी ओढायची नाही, हेही त्यांनी बजावलं.

मी विचारलं, या सगळ्यात ब्लीच कुठे आहे?

"तेच तर सांगतोय," मास्तर म्हणाले. "क्लोरीन आणि कॉस्टिक एकाच भांड्यात राहिले, एकमेकांत मिसळले, की त्यांचंच ब्लीच होतं. नवराबायकोसारखं आहे ते. एका घरात ठेवा, दोघांचा जोर एकमेकांवरच जिरतो. बाहेरच्यांना ताप नाही."

"बाहेरच्यांना नाही," बायको म्हणाली आणि पुन्हा खळीत हात घातला.

मी कामाला लागलो. घरात जुन्या स्कूटरची बॅटरी चार्ज करायचं यंत्र पडलेलं होतं. स्कूटर केव्हाच भंगारात गेली होती, पण यंत्र मी जपून ठेवलं होतं, कारण मी काहीच टाकत नाही. प्लास्टिकच्या बादलीत मिठाचं पाणी केलं. मास्तरांनी कार्बनच्या कांड्या घ्या म्हणून सांगितलं होतं, पण मला वाटलं कांडी ती कांडी, तिच्यात काय एवढं. दोन लांब खिळे लावले. बटण दाबल्याबरोबर बुडबुडे आले आणि मी बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत पाणी हिरवट झालं होतं. ती बघत असतानाच ते तांबडं व्हायला लागलं. मी म्हटलं, सुरुवातीला असं होतच असेल, आणि अंगातला बनियन काढून त्यात बुडवला. तो बाहेर आला तेव्हा गटारात पडलेल्या माणसाचा वाटत होता.

संध्याकाळी मास्तरांनी तो बनियन दोन बोटांनी उचलून बराच वेळ पाहिला. त्यांचं म्हणणं असं, की धन बाजूला लोखंड ठेवलं की क्लोरीन सुटायच्या आधी लोखंडच पाण्यात उतरतं. "तुम्ही गंज तयार केलात," ते म्हणाले. "छान झालाय. पण गंज विकत घ्यायला दुकानात कोण येतं?"

मग त्यांनी स्वतः टॉर्चचे जुने सेल फोडून त्यांच्यातल्या काळ्या कांड्या काढून दिल्या. त्या कार्बनच्या, त्यांना क्लोरीन सहसा खात नाही. दोन्ही कांड्या एकमेकींच्या जवळ लावायच्या, पाणी काठीने ढवळत राहायचं, म्हणजे क्लोरीन वर निसटायच्या आत कॉस्टिकमध्ये मिसळेल. आणि खिडकी उघडी. हे शेवटचं त्यांनी फार जोर देऊन सांगितलं. मी तसंच केलं. पाणी स्वच्छ राहिलं, त्याला पोहण्याच्या तलावासारखा वास आला, आणि शाईने बरबटलेला एक रुमाल मी त्यात टाकला तो हळूहळू पांढरा होत गेला. मी त्या बादलीशेजारी उकिडवा बसून रुमालाकडे बघत होतो. मला खरंच आनंद झाला. इतक्या वर्षांत कपडे धुवून कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आपणहून लवकर उठलो. बायकोने कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. मी शेजारच्या शिंप्याला बादली दाखवली, गॅरेजवाल्याला दाखवली, टपाल घेऊन आलेल्या माणसालाही दाखवली. ब्लीचवाला आला तर त्याला काय सुनवायचं, तेही तोंडपाठ करून ठेवलं. तो अर्थातच आला नाही.

इथवर सगळं छान होतं. इथे थांबलो असतो तर आज मी ताठ मानेने फिरत असतो. पण माणसाला सुख टोचतं.

आता मुलीबद्दल सांगायला हवं. आमची एकुलती एक मुलगी वकील झाली आहे. समोरच्याच कोर्टात एका मोठ्या वकीलबाईंच्या हाताखाली ती फाइली वाहायची, तारखा लिहून घ्यायची, मागे उभी राहायची. त्या आठवड्यात पहिल्यांदाच ती स्वतः उभी राहणार होती. पक्षकार म्हणजे कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारी एक म्हातारी. तिला सगळे टायपिस्ट आजी म्हणतात. आजीच्या खोलीवर घरमालकाचा डोळा होता. त्याने सांगून ठेवलं होतं की अमुक दिवशी दुपारी माणसं आणून सामान रस्त्यावर काढणार. त्या दिवशी सकाळी कोर्टाने स्थगिती दिली तर आजीची खोली राहणार, नाहीतर आजी टाइपरायटरसकट फुटपाथवर. मोठ्या वकीलबाई बाहेरगावी गेल्या होत्या. जाताना मुलीला बजावून गेल्या होत्या, की हे न्यायाधीश पोशाखाच्या बाबतीत कडक आहेत, कोट नसेल तर ते वकिलाचं ऐकूनच घेत नाहीत.

मुलीकडे कोट एकच. सुती, काळाभोर, शेजारच्या शिंप्याने मापात शिवलेला. सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी ती तो माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, नीट इस्त्री करा. उद्या सकाळी लागेल." मी एवढी वर्षं काय करतोय, असं मी तिला विचारणार होतो, पण ती कागद छातीशी धरून रस्ता ओलांडून गेलीसुद्धा. तोंडाने ती सगळा वेळ काहीतरी पुटपुटत होती. युक्तिवाद पाठ करत असणार.

आणि त्याच दुपारी मला हाव सुटली.

झालं असं, की गॅरेजवाल्याचे तेलकट कपडे पडून होते. ग्रीस काढायला कॉस्टिक लागतो, आणि तोही ब्लीचवालाच आणतो. मला आठवलं, मास्तर बोलता बोलता म्हणाले होते, की मध्ये पडदा घातला तर क्लोरीन एकीकडे आणि कॉस्टिक दुसरीकडे असं वेगवेगळं मिळतं, मोठ्या कारखान्यांत तसंच करतात. मी म्हटलं, आपण काय कारखान्यापेक्षा कमी आहोत का? एकाच विजेत दोन माल! पडद्यासाठी मी दारातली झाडाची रिकामी कुंडी उचलली. साध्या भाजक्या मातीची, तिच्यातून ओल झिरपते पण पाणी वाहत नाही. तळाचं भोक मेणाने बुजवलं. कुंडी बादलीत ठेवली, आत-बाहेर मिठाचं पाणी भरलं. धन कांडी कुंडीत, ऋण कांडी बाहेर. मास्तरांना विचारलं नाही, कारण ते संध्याकाळी येतात आणि हाव दुपारी सुटली होती.

आता तुम्ही म्हणाल, नवराबायकोला वेगळं केलं, मग क्लोरीन जाणार कुठे? हा प्रश्न तुम्हाला पडला, मला पडला नाही. कुंडीतला क्लोरीन कुंडीत राहील, अशी माझी साधी समजूत. तो वायू असतो हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

बटण दाबायच्या आधी मी मुलीचा कोट घेतला. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर मी पंपाने फवारा मारतो आणि लगेच इस्त्री फिरवतो. घरच्या माणसाच्या कपड्याला मात्र हातानेच पाणी शिंपडायचं, अशी माझ्या वडिलांची शिकवण. वाटीत बोटं बुडवून, थेंब थेंब, आणि मग तासभर मुरू द्यायचं. अशी इस्त्री दिवसभर मोडत नाही. मी खांद्यांवर शिंपडलं, गळपट्टीवर शिंपडलं, छातीवर जरा जास्तच शिंपडलं, कारण पोरगी पहिल्यांदा उभी राहणार होती आणि मला तिच्यासाठी याहून जास्त काही करता येत नव्हतं. कोट दांडीला अडकवला. ती दांडी बादलीच्या अगदी वर होती. मग बटण दाबलं. बाहेर रस्ता झाडणं चाललं होतं म्हणून खिडकी लावून घेतली.

तेवढ्यात काउंटरवर एक वकील आले. त्यांच्या कोटाचं एक बटण तुटलं होतं. ते आधीच तुटलेलं होतं, असं मी म्हणालो. त्यांनी मला विचारलं की मी ते तुटलेलं प्रत्यक्ष पाहिलं होतं का. मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं की तुटलेलं पाहिलं की तुटताना पाहिलं. अशा प्रकारे ते ऊन उतरेपर्यंत माझी उलटतपासणी घेत राहिले आणि मी उभा राहून थकत राहिलो. मागच्या खोलीत वीज आपलं काम इमानेइतबारे करत होती. या दुकानात न थकता काम करणारं तेवढंच एक होतं.

पहिल्यांदा वकीलच शिंकले. मग माझ्या घशात खवखवलं. मग मागच्या खोलीत गेलेली बायको खोकत खोकत बाहेर आली आणि डोळे पुसत म्हणाली, "अहो, आत काय मेलंय?" मी वळून पाहिलं, तर खोलीच्या दारातून हिरवट पिवळं काहीतरी जमिनीलगत सरपटत येत होतं. वकील तुटलेलं बटण टाकून निघून गेले. एवढ्या वर्षांत एखादा वकील वाद अर्धवट सोडून गेलेला मी पहिल्यांदा पाहिला.

शेजारच्या शिंप्याने ते पिवळं धुकं पाहिलं आणि आग आग करत पाण्याची बादली घेऊन धावत आला. मीही दुसरी बादली उचलली. मला तेव्हा काहीच सुचत नव्हतं. आत निम्म्या कोर्टाचे कोट टांगलेले होते. शिंपी पाणी फेकणार, इतक्यात रोजच्या वेळेला मास्तर हजर झाले. मास्तरांना मी आजवर धावताना पाहिलं नव्हतं. ते धावले आणि शिंप्याच्या बादलीला मिठी मारली.

"पाणी टाकू नका! तो क्लोरीन आहे. कोरड्या कपड्याला तो काही करत नाही. कपडा ओला झाला की रंग गेलाच म्हणून समजा."

मग त्यांनी खिशातला निळा रुमाल बादलीत भिजवून नाकाला बांधला, श्वास रोखून आत गेले, बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहून खोकत होतो. वारा होता, खोली हळूहळू निवळली. मास्तरांनी नाकावरचा रुमाल सोडला. तो पांढरा पडला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उंच धरून जमलेल्या लोकांना दाखवला. पाहा, हा ओला होता, म्हणून याचा रंग गेला. क्लोरीन पाण्याला भेटला की रंग खाणारं आम्ल तयार होतं, पाणी नसेल तर तो बिचारा काही करू शकत नाही. मागच्या बाकावरच्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलत होते. लोक ऐकत होते. त्या माणसाला इतक्या दिवसांनी वर्ग मिळाला होता.

मी आत जाऊन एकेक कोट खिडकीपाशी नेऊन पाहिला. काळा. हाही काळा. तोही काळा. जीव भांड्यात पडला. मी बायकोला म्हणालो, एकही गेला नाही, सगळे कोरडे होते. आणि हे बोलता बोलता मला पाण्याची वाटी दिसली.

कोट जागेवरच होता. तो पांढरा झाला नव्हता. पांढरा झाला असता तरी बरं झालं असतं, म्हटलं असतं दुसराच कुठला कपडा आहे. तो काळाच होता, फक्त जिथे जिथे माझ्या बोटांतून थेंब पडला होता, तिथे तिथे तांबूस ठिपका उमटला होता. खांद्यांवर विरळ, गळपट्टीवर दाट, आणि छातीवर, जिथे मी मायेने जरा जास्त शिंपडलं होतं, तिथे ठिपक्याला ठिपका लागला होता. जंगलात ठेवला असता तर हरणं पळाली असती.

मुलगी आली तेव्हा आम्ही चौघं कोटाभोवती उभे होतो, मी, बायको, मास्तर आणि शिंपी. तिने कोट पाहिला. ओरडली नाही. तिने ओरडायला हवं होतं. तिने फक्त एका ठिपक्यावर बोट ठेवून तो पुसून पाहिला आणि मग तिथेच इस्त्रीच्या टेबलावर टेकली.

"बाबा," ती म्हणाली, "मी आजीला काय सांगू?"

मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं क्लोरीनमुळे. मी तसंच वाटू दिलं.

मग उपाय सुरू झाले. बायकोने बुटाचं काळं पॉलिश आणलं. ठिपके झाकले गेले, पण हात लावला की हात काळा, आणि वास असा, की कोर्टात ही बूट पुसायला आली आहे असं वाटावं. ते पुन्हा पुसून काढावं लागलं. शिंपी म्हणाला, कोट उसवून उलटा शिवून देतो, आतली बाजू बाहेर. एक शिवण उसवून पाहिली तर पाणी आतपर्यंत मुरलं होतं, ठिपके दोन्हीकडे सारखेच. माझ्या वडिलांची शिकवण पक्की होती, त्यात शंका नाही. मास्तरांनी सांगितलं, की उडालेला रंग परत आणणारं रसायन नाही. मग त्यांनी तसं का नाही हे समजवायला सुरुवात केली, तेव्हा बायकोने त्यांना घरी पाठवून दिलं.

आता मी जे केलं ते सांगायला जड जातं. लाँड्रीवाल्याचा एकच धर्म असतो. गिऱ्हाइकाचा कपडा घरच्या माणसाच्या अंगाला लागता कामा नये. मी तो आजवर पाळला होता. लग्नाला जाताना फाटकी बाही दुमडून गेलोय, पण दांडीवरच्या शर्टाला हात लावला नाही. त्या संध्याकाळी मात्र मी दांडीवरून एक काळा कोट काढला, नवाकोरा, मुलीच्या मापाचा, आणि तिच्यापुढे धरला. बायकोने तोंड फिरवलं. मुलीने कोटाला लावलेली चिठ्ठी वाचली आणि मला म्हणाली की हा कोट घरमालकाच्या वकिलाचा आहे. उद्या ते समोर उभे राहतील, तेव्हा काय घालून उभे राहतील?

मला ते सुचलं नव्हतं. खरं म्हणजे क्षणभर मला ते फारच चांगलं वाटलं.

तिने तो कोट माझ्या हातून घेऊन परत दांडीला लावला. मग आपला ठिपक्यांचा कोट अंगावर चढवला, गळपट्टी सारखी केली आणि आरशात पाहिलं. "न्यायाधीश कोट घाला म्हणतात," ती म्हणाली. "हा कोटच आहे. मामाला बोलवा परत. हे नक्की कसं झालं ते मला नीट कळायला हवं."

मास्तर परत आले, आले म्हणजे ते कोपऱ्यावरच उभे होते. मामा-भाचीचं बराच वेळ चाललं होतं. कांड्या, मीठ, कुंडी, ओलं आणि कोरडं. ती प्रश्न विचारत होती, तेही असे की मास्तरांना मध्येमध्ये थांबून विचार करावा लागत होता. मी बाजूला बसून एका शर्टाला इस्त्री करत होतो. तो शर्ट मी पुन्हा पुन्हा करत होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सकाळी ती गेली. मीही येतो म्हणालो, तर बायको म्हणाली, तुमचं कालचं पुरे नाही का झालं? तेव्हा मी दुकानात बसलो. कोर्टाचं फाटक समोर दिसत होतं. टायपिस्ट आजीची खुर्ची रिकामी होती आणि टाइपरायटरवर फडकं टाकलेलं होतं. आजी आज परत त्या खुर्चीवर बसेल की सामान आवरत असेल, हे सगळं माझ्या मायेच्या थेंबांवर अवलंबून होतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की माणसाने कंटाळलेलंच असावं. कंटाळलेला माणूस निदान कुणाचं वाईट करत नाही.

ऊन चढल्यावर फाटकातून कोर्टाचा शिपाई बाहेर पडला आणि सरळ माझ्या दुकानाकडे आला. मी त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, काय झालं?

तो सावकाश माणूस. आधी पाणी प्यायला. मग त्याने सांगितलं. मुलगी उभी राहिली तशी सगळ्या कोर्टात कुजबुज झाली. न्यायाधीश साहेबांनी चष्मा लावून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, की हा काय प्रकार आहे. समोरचे वकील लगेच उठले आणि म्हणाले, हा कोर्टाचा अपमान आहे. मुलगी म्हणाली, हा अपमान नाही, अपघटन आहे. आणि मग तिने सगळं सांगितलं. मिठाचं पाणी, दोन कांड्या, मधली कुंडी, बंद खिडकी, वडिलांनी शिंपडलेलं पाणी. कोरडे कोट कसे वाचले आणि ओलाच कसा गेला. शिपाई म्हणाला, कोर्टात एवढी शांतता त्याने कधी पाहिली नव्हती, मागचे लोक बाकावर चढून बघत होते. शेवटी साहेब म्हणाले, की बाई, पुरावा अंगावर घालून आलेला वकील मी पहिल्यांदा पाहतोय, बोला तुमचं काय म्हणणं आहे. तिने आजीचं म्हणणं मांडलं.

"आणि?" मी विचारलं.

"स्थगिती दिली की. आजी तिथंच रडायला लागली. पोरगी तुमची पुढे जाणार बघा."

मी काउंटरला धरून उभा राहिलो. या वेळी डोळ्यांना पाणी आलं तेव्हा आसपास क्लोरीन नव्हता. मी शिपायाला मिठी मारणार होतो, पण तो खिशातून पावती काढत होता.

"साहेबांनी निकाल सांगितल्यावर एवढंच विचारलं, की ही लाँड्री नेमकी कोणती," तो म्हणाला. "पोरीनं सांगितलं. कोर्टात खोटं कसं बोलणार? साहेबांचा दुसरा झगा इथंच आहे ना? तो द्या."

मी झगा काढला. सुरकुत्या होत्या. म्हटलं, साहेबांचा झगा असा कसा द्यायचा, एवढी इस्त्री मारून देतो, आणि सवयीने पाण्याकडे हात गेला. शिपायाने माझं मनगट धरलं.

"पाणी नका लावू," तो म्हणाला. "कोरडाच द्या."

मी मान वर केली. त्याच्या मागे घरमालकाचे वकील उभे होते, अंगावर सकाळीच नेलेला कोट, हातात दुसऱ्या कोटाची पावती. त्यांच्या मागे कालचे बटणवाले. त्यांच्यामागून फाटकातून काळे कोट नसलेले वकील रस्ता ओलांडून येत होते, आणि प्रत्येकाच्या हातात पावती होती. कुणी भांडत नव्हतं, कुणी उलटतपासणी घेत नव्हतं. प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं, जसा असेल तसा द्या, पण कोरडा द्या.

आवाज ऐकून बायको मागून हात पुसत आली. तिने रांग पाहिली, पार फाटकापर्यंत गेलेली, आणि तिचा चेहरा उजळला. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघा, पोरीचं नाव झालं तर कसं गिऱ्हाईक आलं. मी म्हणत होते ना?"

तिला इतकं खूष मी फार दिवसांनी पाहत होतो. म्हटलं, रांग संपेपर्यंत तरी सांगायला नको. मी एकेक कोट काढून द्यायला लागलो.